तीन नंबरचा पॅन

"सायब, ह्यात माझं नाव कुठं हाय त्येवडं दावा," असं म्हणत दस्तगीर मुलाणीने टोपीच्या घडीतून कागद काढला आणि माझ्या टेबलावर चहाच्या कपाशेजारी उलगडून ठेवला.

कारखान्याच्या परिपत्रकाची ती सायक्लोस्टाइल प्रत होती. त्यात नाव कुणाचंच नव्हतं. मी तसं सांगितल्यावर त्याला बरं वाटलं आणि तो उठायलाच लागला. मग त्याला पुन्हा बसवून मला सगळं वाचून दाखवावं लागलं. यापुढे हेड पॅनमनच्या जागेवर साखर तंत्रज्ञानाचं प्रमाणपत्र असलेलाच माणूस नेमायचा, असं संचालक मंडळाने ठरवलं होतं. सध्या त्या जागेवर असलेल्या माणसाकडे प्रमाणपत्र नसेल तर त्याने समितीपुढे तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी. पास झाला तर जागा त्याची. नाही झाला तर त्याला खालच्या मजल्यावर, साखरेतून मळी वेगळी करायच्या मशीनवर, मदतनीस म्हणून पाठवण्यात येईल.

कारखान्यात हेड पॅनमन एकच होता. दस्तगीरचाचाने सगळं ऐकून घेतलं, कागद पुन्हा टोपीत ठेवला आणि म्हणाला, "म्हंजे नाव न्हाई, पर हाय मीच."

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. बी.एस्सी. होऊन कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यात शिफ्ट केमिस्ट म्हणून लागलो होतो. दुसराच हंगाम होता आणि कायम केल्याची ऑर्डर अजून हातात पडायची होती. चाचा बावन्न वर्षांचा. उसाच्या गाड्या रिकाम्या करायला म्हणून आला आणि तीस वर्षांत पॅनच्या मजल्यावरचा पहिला माणूस झाला. पॅन म्हणजे दोन पुरुष उंचीचं बंद लोखंडी भांडं. त्यात उसाचा पाक आटवतात, आणि आटता आटता एका नेमक्या क्षणी त्यात साखरेची बारीक पूड बी म्हणून सोडावी लागते. त्या पुडीवर पुढे दाणा वाढतो. लवकर सोडली तर ती विरघळून जाते. उशीर झाला तर पाकात आपोआपच पिठासारखा दाणा फुटतो आणि सगळा पॅन बिघडतो. हा क्षण ओळखायचा, एवढंच पॅनमनचं काम, आणि ते फार थोड्यांना जमतं. चाचा पितळी दांडीने पाकाचा थेंब बाहेर काढायचा, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून त्याची तार ओढायचा, घरी बायका लाडवाचा पाक बघतात तशी, आणि बी सोडायचा. आजूबाजूच्या कारखान्यांतून त्याला बोलावणी यायची.

मी निवृत्त झाल्यापासून मला शाळांतून बोलावणी येतात. विषय बहुतेक एकच असतो, शिक्षणाशिवाय माणूस यशस्वी होऊ शकतो का. कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं की सरांना एका अडाणी पॅनमनचा किस्सा सांगायला सांगा. मग मी सांगतो की एकदा माझ्या प्रयोगशाळेने पाक तयार नाही म्हटलं, चाचाने तार ओढून तयार आहे म्हटलं, आणि खरा ठरला तो. मुलं टाळ्या वाजवतात. शिक्षकांना तो किस्सा जरा अडचणीचा वाटतो, पण तेही वाजवतात. मी नारळ आणि शाल घेऊन घरी येतो आणि आडवा होतो. आता मला या किस्स्याचा खरोखर शीण आला आहे, कारण तो अर्धा आहे. उरलेला अर्धा मी कुठल्याच शाळेत सांगितलेला नाही.

परीक्षेला तीन आठवडे होते. चाचा दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा माझ्या क्वार्टरवर आला. या वेळी त्याच्या हातात नवी वही आणि पेन्सिल होती, आणि पेन्सिलीला टोकही करून आणलं होतं.

"सायब, मला वाचायला शिकवा," तो म्हणाला. "पुस्तकात काय लिवलंय त्ये माझं मी बगतो. मग इचारू द्यात काय बी."

मला हसू आलं, ते मी दाबलं. बावन्न वर्षांच्या माणसाला तीन आठवड्यांत अक्षरओळख कुठून करून देणार, आणि करून दिली तरी तो तेवढ्यात पुस्तक कसलं वाचणार. मी त्याला समजावलं की समिती काही वाचायला सांगणार नाही, प्रश्न विचारणार आहे. ठरलेले चाळीसएक प्रश्न असतात. मी उत्तरं सांगतो, तुम्ही पाठ करा. मी स्वतः बी.एस्सी. तसाच झालो होतो, त्यामुळे मला त्यात काही गैर वाटलं नाही. त्याने वही पिशवीत ठेवून दिली. ती पुन्हा बाहेर निघाली नाही.

रोज दुपारी दोन वाजता तो यायचा. खुर्चीवर बसायचा नाही, उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून बसायचा. पाठांतर त्याचं जबरदस्त होतं. लहानपणी मशिदीत असंच पाठ केलं होतं, अर्थ कुणी सांगितला नाही आणि आपण विचारला नाही, असं तो एकदा म्हणाला. इथे मात्र तो विचारायचा. मी सांगितलं की आपल्या पॅनमध्ये पाक सत्तर अंशांवर आला की बी सोडायचं, तर त्याचा प्रश्न, सत्तरच का. मी म्हणालो, पुस्तकात तसं आहे. मला नीट माहीत होतं, पण सांगायला अर्धा तास लागला असता आणि ते परीक्षेत येणार नव्हतं.

त्याला थर्मामीटरवरचे आकडे कळत. तीस वर्षं डायल बघून बघून आकडे आले होते, अक्षरं तेवढी आली नव्हती. पण थर्मामीटरकडे तो सहसा बघायचाच नाही. त्यावरून आमचं जे बोलणं झालं ते मला शब्द न् शब्द आठवतं.

"पुण्याहून तज्ज्ञ येणार आहेत," मी म्हणालो. "त्यांच्यासमोर ते चिमटीत धरणं नको. अडाणीपणा दिसतो तो. नजर थर्मामीटरवर ठेवायची, सत्तर झाले की मोठ्यानं सांगायचं आणि बी सोडायचं."

"आनि बोटाला येगळं कळलं तर?"

"बोटाचं नाव काढू नका, चाचा. हात मागं बांधून उभे राहा."

तो बराच वेळ अंगठ्यावरून बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "तुमी शिकल्याली मानसं. तुमी सांगाल तसं." त्या दिवसापासून त्याने तसाच सराव सुरू केला. कामावरही हात मागे बांधून थर्मामीटरपुढे उभा राहायला लागला. दोन आठवडे पॅन छान उतरले, कारण थर्मामीटर बरोबर होतं. मी खूश होतो. खरं सांगायचं तर मला त्याच्यापेक्षा माझंच कौतुक वाटत होतं.

तोंडी परीक्षा त्याने गाजवली. समितीत आमचे चीफ केमिस्ट नाडगौडा, एक संचालक आणि पुण्याचे तज्ज्ञ होते. एका प्रश्नाचं उत्तर तर चाचाने प्रश्न पुरा व्हायच्या आत दिलं. तज्ज्ञांनी भुवया वर केल्या आणि नाडगौडांकडे बघून मान हलवली. दुसरा उमेदवार चौगुले नावाचा सव्वीस वर्षांचा मुलगा होता, प्रमाणपत्र घेऊन आलेला. तोही चांगला बोलला. बाहेर आल्यावर चाचाने माझा हात दोन्ही हातांत धरला. घरी बायकोने नवस बोलला आहे, जागा राहिली तर सगळ्या खात्याला मलिदा वाटणार, असं सांगितलं. तीस वर्षं ज्यांना हाताखाली घेऊन शिकवलं त्यांच्या हाताखाली मशीनवर काम करायला लागू नये, एवढंच त्याचं मागणं होतं.

प्रात्यक्षिक दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, तीन नंबरच्या पॅनवर होतं. कुणी काही सुचवू नये म्हणून नाडगौडांनी पॅनच्या मजल्यावरची सगळी माणसं खाली पाठवली. त्यात शंकर भोई पण गेला; शिफ्टच्या नोंदी घ्यायला मी तेवढा राहिलो. शंकर हा चाचाचा बारा वर्षांचा जोडीदार, सातवी झालेला. पॅनच्या मजल्यावर एक फळा होता. कुठलं यंत्र बिघडलंय, कुठला व्हॉल्व्ह गळतोय ते त्यावर खडूने लिहिलेलं असायचं. शिफ्ट लागली की शंकर तंबाखू मळता मळता तो फळा मोठ्याने वाचायचा आणि चाचा आपल्या कामात ऐकत राहायचा. बारा वर्षं हे चाललं होतं. त्यामुळे चाचाला वाचता येत नाही याची अडचण कधी कुणाला जाणवली नव्हती, त्यालाही नाही.

त्या सकाळी सात वाजता मी कामावर आलो तेव्हा रजिस्टरमध्ये नवी नोंद होती आणि तीच फळ्यावरही होती. तीन नंबरच्या पॅनचं थर्मामीटर रात्रीपासून चार अंश कमी दाखवतं, दुरुस्ती बाकी. म्हणजे त्यात सहासष्ट दिसले की पाक खरा सत्तरला आलेला असणार. मी नोंदीखाली रोजच्यासारखी सही केली. पॅन बदलायला सांगावं असं मनात आलं. पण नाडगौडा आधीच म्हणाले होते की परीक्षा आहे, फळा समोर आहे, बघू कोण कसा काम करतो.

चाचा आला. फळ्याकडे त्याने सवयीने बघितलं. मग शंकरला शोधत मागे बघितलं. शंकर नव्हता. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी हातातल्या कागदाकडे बघितलं.

फळा रोजच भरलेला असायचा, त्यामुळे त्याला विशेष काही वाटलं नसावं. आकडे दिसले असतील, पण चार कशाचे ते आकड्यांवरून कळत नाही. तो थर्मामीटरपुढे जाऊन हात मागे बांधून उभा राहिला. पाक आटायला लागला. साठ झाले, त्रेसष्ट झाले. मला वाटत होतं की एवढ्या वर्षांचा माणूस आहे, डायल काही का सांगेना, तो ओळखेलच. सहासष्टवर त्याचा उजवा हात सुटून दांडीकडे गेला. तिथे तो हात क्षणभर थांबला. त्याने पुन्हा माझ्याकडे बघितलं, आणि हात परत मागे नेला.

तिथून सत्तरपर्यंत जायला दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत मी बोलू शकत होतो. बोललो असतो तर परीक्षेत मदत केली म्हणून नाडगौडांनी मला जाब विचारला असता, आणि माझी कायमची ऑर्डर त्यांच्याच टेबलावर होती. एवढंच कारण. वर्षानुवर्षं मी दुसरी बरीच कारणं शोधली, पण एवढंच होतं. पॅनला काचेची खिडकी असते. तिच्यातून पाकाचं उसळणं जड झालेलं मला दिसत होतं. चाचालाही दिसत होतं. त्याचा चेहरा पार उतरला होता, पण नजर थर्मामीटरवरून हलली नाही. शेवटी काटा सत्तरवर आला तेव्हा तो शिकवल्याप्रमाणे मोठ्याने म्हणाला, "सत्तर अंश," आणि त्याने बी सोडलं.

नमुना काचेवर घेतला तर सगळं पीठ. तज्ज्ञांनी काच उजेडात धरली आणि नाडगौडांच्या हातात दिली. चाचाने ती त्यांच्याकडून मागून घेतली, धुतली, फडक्याने पुसली आणि जागेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी चौगुले आला. आधी फळ्यापुढे उभा राहिला, ओठ हलवत वाचलं, आणि सहासष्टवर बी सोडलं. दाणा उत्तम आला. मुलगा वाईट नव्हता. पुढे पंचवीस वर्षं त्याने ते पॅन नीट चालवले, हेही सांगायला हवं, कारण शाळेतल्या किस्स्यात त्याला जागाच नसते.

चाचा आठवडाभर दिसला नाही. मग एका दुपारी, नेहमीच्याच वेळेला, आला आणि उंबऱ्यापाशी बसला. मशीनवर रुजू झालो म्हणाला. पोरं मान देतात, जड काम सांगत नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटतं म्हणाला. चहा झाला. मग त्याने विचारलं, "सायब, त्या दिशी फळ्यावर काय लिवलं हुतं?"

मी सांगितलं.

त्याने मान हलवली. "बोटाला कळलं हुतं," तो म्हणाला. "सहासष्टलाच कळलं हुतं." आणि मग, सहजच विचारावं तसं, "तुमी वाचलं हुतं व्हय त्ये?"

"नाही, चाचा," मी म्हणालो. "त्या गडबडीत माझं फळ्याकडे लक्षच गेलं नाही."

त्याचा चेहरा मोकळा झाला. आठवडाभर तो कशाने कुढत होता ते मला तेव्हा कळलं. "मग तुमी तरी काय करनार," तो म्हणाला. "मनाला लावून घिऊ नगा." त्याने माझी समजूत घातली, खरंच घातली, आणि मी ती घालून घेतली. मग पिशवीतून त्याने ती वही काढली. "आता तरी शिकवा. आता काय घाई न्हाई."

मी शिकवलं. लाजेपोटी शिकवलं, पण मनापासून शिकवलं. हंगाम संपला, गाळप बंद झालं, दुपारी निवांत असायच्या. ज्या माणसाला तीन आठवड्यांत काय येणार असं मला वाटलं होतं त्याला तीन आठवड्यांत सगळी अक्षरं आली. जूनपर्यंत तो शब्द जोडायला लागला. दिसेल ते वाचायचा. साखरेची पोती, एसटीच्या पाट्या, खोकल्याच्या औषधाची बाटली. वाचून झालं की स्वतःशीच मान डोलवायचा. मी आयुष्यात पुष्कळ माणसं शिकताना बघितली, त्याच्याइतकं सुखी झालेलं कुणी बघितलं नाही. माझी कायमची ऑर्डर आली ती त्यानेच मला वाचून दाखवली. कुठे अडलं तर मला सांगू द्यायचा नाही, पुन्हा मागे जाऊन घ्यायचा. हळूहळू मला वाटायला लागलं की झालं गेलं भरून निघालं.

ऑगस्टमध्ये पॅनच्या मजल्यावर साफसफाई निघाली. मशीनवरची माणसंही वर लावली होती. जुनी रजिस्टरं कपाटातून काढून ओळीने मांडून ठेवली होती आणि जेवणाच्या सुट्टीत चाचा त्यांच्यातच बसून असतो, असं मला शंकर भोईने हसत हसत सांगितलं. आपल्या पॅनबद्दल एवढं कोण कोण काय काय लिहून गेलंय ते म्हाताऱ्याला बघायचं होतं, असं तो म्हणाला. मीही हसलो. संध्याकाळपर्यंत माझ्या काही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता चाचा आला तो वही न घेता. बगलेत रजिस्टर होतं. या वेळी तो उंबऱ्यापाशी बसला नाही, आत आला आणि माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसला. खूण म्हणून घातलेला कागद काढून त्याने पान उघडलं, माझ्या बाजूला वळवलं नाही, आपल्याकडेच ठेवलं, आणि ओळीखाली अंगठ्याशेजारचं बोट धरून वाचायला लागला.

"तारीख अठरा मार्च. पॅन नंबर तीन. थर्मामीटर चार अंश कमी दाखवते. दुरुस्ती बाकी."

हे छापल्यासारख्या अक्षरात होतं, त्याला जड गेलं नाही. मग बोट खाली माझ्या अक्षरावर आलं. माझं अक्षर गिचमिड. त्याने एकदा मागे जाऊन पुन्हा सुरुवात केली. मी सांगायला गेलो नाही.

"वाचले," तो म्हणाला. "सकाळी सात वाजता. सु. रा. हेर्लेकर."

बोट तिथेच होतं. त्याने वर बघितलं नाही.

"बरुबर वाचलं का, सायब?"

"बरोबर वाचलं," मी म्हणालो.